दाढ काढली, जखम भरत नाही आणि हाडांची गोळी चालू होती: नेमकं काय झालंय, आता काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६८. हाडांच्या ठिसूळपणासाठी, म्हणजे ऑस्टिओपोरोसिससाठी, सहा वर्षांपासून आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी चालू होती. खालच्या जबड्यातली उजवीकडची दाढ काढून अडीच महिने झाले. खड्डा भरला नाही, आत पिवळट पांढरं हाड दिसतं, अधूनमधून ठणकतं आणि तोंडाला वास येतो. एका दंतवैद्यांनी दोनदा खड्डा खरवडून साफ केला. दुसऱ्यांनी ‘औषधानं जबडा सडतोय’ असं सांगितलं, आणि त्या धसक्यानं घरात गोळी बंद झाली. हा कॅन्सर आहे का, जबडा कापावा लागेल का, गोळी बंद केली ते बरोबर झालं का, आणि डावीकडची एक दाढही खराब आहे, तिचं काय करायचं, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

आधी उत्तरं, मग कारणं. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा कॅन्सर वाटत नाही; तरी मी आईंना पाहिलेलं नाही, तेव्हा हे वाक्य तपासणाऱ्यानं बोट लावून आणि एक्स-रे बघून म्हणायला हवं. आठवड्याच्या गोळीवर असलेल्या माणसाचा जबडा कापायची वेळ क्वचितच येते. गोळी अचानक थांबवून जखमेला फारसा फायदा झालेला नाही, पण सहा वर्षं घेऊन झालेली असल्यामुळे मधल्या काही आठवड्यांत मोठं नुकसानही झालं नसावं. खड्डा पुन्हा खरवडू देऊ नका. डाव्या दाढेचं शेवटी लिहितो, कारण खरा निर्णय तिथे घ्यायचा आहे.

दंतवैद्यांच्या कागदावर तुम्हाला एमआरओएनजे अशी अक्षरं दिसतील. ठरावीक औषधं घेणाऱ्यांच्या जबड्याच्या हाडाचा एखादा भाग निर्जीव होतो आणि हिरडीबाहेर उघडा पडतो, त्या अवस्थेचं हे नाव. ते लावण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. माणूस असं औषध घेत असावा किंवा पूर्वी घेतलेलं असावं. हाड उघडं दिसत असावं, किंवा पू येणाऱ्या छिद्रातून सळई घातल्यावर हाडाला टेकत असावी, आणि हे आठ आठवड्यांहून जास्त काळ चाललेलं असावं. जबड्याला कधी रेडिएशन दिलेलं नसावं आणि दुसरीकडचा कॅन्सर जबड्यात पसरलेला नसावा. आईंना तिन्ही लागू पडतात असं दिसतं.

आठ आठवड्यांची अट उगाच घातलेली नाही. दाढ काढल्यावर हिरडी साधारण महिना-सव्वा महिन्यात खड्ड्यावर मिटते. आतलं हाड भरायला त्यापुढे काही महिने लागतात. वय, मधुमेह, तंबाखू यांनी हे लांबतं. ‘ड्राय सॉकेट’ म्हणून जे सांगतात ते वेगळं: खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून जाते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी जबरदस्त कळ येते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. दोन महिने चाललेल्या दुखण्याला ड्राय सॉकेट म्हणता येत नाही. कधी कधी खड्ड्याच्या काठाची हाडाची एक टोकदार कपची हिरडीतून वर येते, ती काढली की आठवड्यात सगळं ठीक होतं. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत हाड दिसलं म्हणून लगेच शिक्का मारायचा नसतो, आणि दोन महिन्यांनंतर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसायचंही नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या विषयावर शोधलं की जे भयानक फोटो आणि आकडे समोर येतात, ते बहुतेक कॅन्सरच्या रुग्णांचे असतात. औषध तेच किंवा त्याच कुळातलं असतं, पण मात्रा कुठच्या कुठे असते. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड घ्या. ऑस्टिओपोरोसिससाठी ते वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम शिरेतून देतात. हाडांत पसरलेल्या कॅन्सरसाठी ४ मिलिग्रॅम, पण दर तीन-चार आठवड्यांनी. डेनोसुमॅब या इंजेक्शनचं तसंच: ठिसूळ हाडांसाठी सहा महिन्यांतून एकदा ६० मिलिग्रॅम, कॅन्सरसाठी दर महिन्याला १२०. म्हणजे वर्षाचा हिशेब केला तर दहा-बारा पटींचा फरक. शिवाय कॅन्सरच्या रुग्णाला सोबत केमोथेरपी असते, स्टिरॉइड असतात, कधी बेव्हॅसिझुमॅब किंवा सुनिटिनिबसारखी नव्या रक्तवाहिन्या रोखणारी औषधं असतात. जखम भरण्याची ताकद सगळीकडूनच कमी झालेली असते.

अमेरिकेतल्या मुख व जबडा शल्यचिकित्सकांच्या संघटनेनं २०२२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र मांडले. ऑस्टिओपोरोसिससाठी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं (आईंची गोळी आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिड याच गटातली) घेणाऱ्या दहा हजार लोकांत दोन ते पाच जणांना हा त्रास होतो. डेनोसुमॅबवर असलेल्यांत दहा हजारांत चार ते तीस. कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांचा आकडा बहुतेक अभ्यासांत शंभरात पाचच्या आत, म्हणजे साधारण शंभरपट. दात काढल्यावरचा धोका वेगळा मोजला तरी फरक तसाच राहतो: तोंडानं गोळी घेणाऱ्यांत दात काढलेल्या हजारांमागे फार तर एखाद-दुसरा, कॅन्सरच्या मात्रेवर असलेल्यांत शंभरात दीडपासून पंधरापर्यंत.

म्हणून माझ्याकडे कुणी ‘हाडांच्या औषधामुळे दात काढायचा नाही म्हणे’ असं सांगत आलं, की मी आधी तीन गोष्टी विचारतो: औषध कुठलं, किती दिवसांनी, आणि कशासाठी. याची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढचं बोलणं फुकट आहे. ही उत्तरं मिळवणं वाटतं तितकं सोपंही नसतं. ‘रोजची औषधं कोणती?’ असं विचारलं की माणूस रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची गोळी सांगतो. सहा महिन्यांपूर्वी दंडावर टोचलेलं इंजेक्शन किंवा मागच्या वर्षी लावलेलं सलाइन त्याच्या हिशेबात ‘औषध’ नसतंच. त्याची रिकामी पाकिटं घरात नसतात, चिठ्ठीवर ते पुन्हा लिहिलेलं नसतं. नेमकी हीच औषधं आपल्याला हवी असतात. आईंच्या बाबतीत गोळी माहीत आहे, पण कधी एखादं सलाइन किंवा पोटावर, दंडावर हाडांसाठी इंजेक्शन दिलं होतं का, हे जुन्या फायली काढून बघाच. संधिवातासाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड चालू असतील तर तेही सांगा. आठवड्याच्या गोळीवर हा त्रास झालेल्यांत असं दुसरं काहीतरी जोडीला आहे का, हे मी नेहमी शोधतो.

जबड्यालाच हे का होतं? आपलं हाड सतत मोडून नव्यानं बांधलं जातं. एक प्रकारच्या पेशी जुनं, झिजलेलं हाड खातात, दुसऱ्या त्या जागी नवं घालतात. ठिसूळपणात खाणाऱ्या पेशींचा जोर वाढलेला असतो, म्हणून ही औषधं त्यांनाच आवरतात. अ‍ॅलेंड्रोनेट आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हाडातल्या कॅल्शियमच्या क्षारांना चिकटून बसतात आणि खाणाऱ्या पेशीनं हाड चावलं की तिच्या पोटात जाऊन तिला निकामी करतात. डेनोसुमॅब हाडाला चिकटत नाही. त्या पेशी तयार व्हायला जो संदेश लागतो तोच ते अडवतं. परिणाम एकच, मोडतोड थांबते आणि हाड टिकतं. पण जुना खराब थर उखडल्याशिवाय रस्त्यावर नवा थर बसत नाही, तसं जखम झालेलं किंवा जंतूंनी बाधलेलं हाड आधी काढून टाकावं लागतं, तेव्हा भरणं सुरू होतं. मांडीच्या हाडाला हे क्वचित भोवतं. जबड्यात दात हाड भेदून थेट बाहेर आलेले असतात, हाडावर जेमतेम पातळ हिरडीचं पांघरूण असतं, आत जंतूंची वस्ती आणि दिवसभर चावण्याचा ताण. तरीही हे होण्यात जंतुसंसर्गाचा वाटा किती, औषधाचा किती, रक्तपुरवठ्याचा किती, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. साधारण चारांतल्या तीन जणांत हे खालच्या जबड्यात होतं. तिथलं हाड जास्त घट्ट आणि रक्तपुरवठा वरच्या जबड्यापेक्षा कमी असतो.

जरा बाजूला जाऊन सांगतो. असा उघडा, वास मारणारा जबडा वैद्यकाला नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्या मजुरांचे जबडे असेच निर्जीव होत. १९०६ च्या बर्न इथल्या आंतरराष्ट्रीय करारानं आगकाड्यांतल्या त्या फॉस्फरसवर बंदी आणायला सुरुवात केली आणि तो आजार हळूहळू विस्मरणात गेला. मग २००३ मध्ये रॉबर्ट मार्क्स या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी पामिड्रोनेट आणि झोलेड्रोनेट (म्हणजेच झोलेड्रोनिक अ‍ॅसिड) ही बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्या ३६ रुग्णांची नोंद छापली, आणि जुनं चित्र पुन्हा समोर आलं. सुरुवातीला दोष फक्त बिस्फॉस्फोनेटना दिला गेला. डेनोसुमॅब आणि रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधांवरही तेच दिसू लागलं, म्हणून २०१४ मध्ये नावच ‘औषधांशी संबंधित’ असं व्यापक केलं.

‘दाढ काढली म्हणून झालं’ हे अर्धं खरं आहे. नोंदलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांत, साधारण ६२ ते ८२ टक्क्यांत, सुरुवात दात काढल्यानंतर झालेली आढळते. पण दात काढला का होता? बहुतेक वेळा मुळाशी पू होता, हाड झिजलेलं होतं, दात हलत होता. दात काढताना त्याच खड्ड्यातलं हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काहींच्या हाडात निर्जीव भाग आधीपासूनच सापडतो. म्हणजे दात काढल्यामुळे कधी कधी आधीच असलेलं उघडकीला येतं. तुम्हाला हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘काढली नसती तर बरं झालं असतं’ ही टोचणी घरच्यांना लागते, दंतवैद्यांशी वाद होतात, आणि पुढे भीतीनं दुसरी सडलेली दाढ तशीच ठेवली जाते. मुळाशी महिनोन्‌महिने पू साठू देणं हाडासाठी दात काढण्याइतकंच, कधी कधी त्याहून, वाईट असतं.

आता आईंच्या जखमेकडे येऊ. दुखणं आणि वास आहे, म्हणजे उघड्या हाडाला जंतुसंसर्ग जोडलेला आहे. आम्ही याला दुसरी पायरी म्हणतो. नुसतं हाड दिसतंय, दुखत नाही, पू नाही, ती पहिली. हाड मोडलं, गालावर किंवा हनुवटीखाली छिद्र पडून पू वाहू लागला, वरच्या जबड्यात वाट सायनसमध्ये उघडली, तर ती तिसरी. आणि एक शून्याची पायरीही आहे, ती सगळ्यात जास्त निसटते: हाड उघडं नाही, पण कारण सापडत नसलेलं दातदुखीसारखं दुखणं, धडधाकट दात अचानक हलू लागणं, एक्स-रेमध्ये काढलेल्या दाताचा खड्डा वर्षभरानंतरही जसाच्या तसा दिसणं. अशा वेळी दुखणाऱ्या दाताला रूट कॅनाल, मग शेजारच्याला रूट कॅनाल, अशी मालिका सुरू होते आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

तपासणीत पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे पहिल्यांदा लागतो. पण निर्जीव भाग किती खोल गेलाय, खालच्या नसेच्या नळीपर्यंत पोचलाय का, तुकडा सुटू लागलाय का, हे सीबीसीटी या जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये नीट कळतं. शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तर तो करून घ्या. हाडांच्या झिजेचा अंदाज देणारी रक्तातली सीटीएक्स नावाची चाचणी काही ठिकाणी आजही सांगतात आणि तिच्या आकड्यावर ‘दात काढायला सुरक्षित की नाही’ ठरवतात. तिचा आधार कच्चा आहे, अमेरिकेतल्या त्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेनंही ती धोका ठरवण्यासाठी वापरू नये असं म्हटलंय. मी ती सांगत नाही. बायोप्सीही प्रत्येकाला लागत नाही. आईंना पूर्वी कधी कॅन्सर झालेला असेल, जखमेच्या कडा उचललेल्या आणि कडक असतील, मांस वाढल्यासारखं दिसत असेल, तर मात्र बायोप्सी टाळू नये. खालचा ओठ किंवा हनुवटी बधीर झाली तर तेही लगेच दाखवा. नसेवर दाब आल्यानं तसं होतं, आणि कधी कधी दुसऱ्या गंभीर आजाराची ती खूण असते.

उपचारात रोजची स्वच्छता सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगी. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रवाच्या गुळण्या दिवसातून दोनदा, अर्धा मिनिट, दात घासण्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरानं. त्यानं दात तपकिरी पडतात, ते नंतर साफ होतं, त्यासाठी थांबवू नका. नुसती गुळणी खड्ड्याच्या तळाशी पोचत नाही. म्हणून मऊ ब्रश किंवा त्याच द्रवात भिजवलेला कापसाचा बोळा उघड्या हाडावरून हलक्या हातानं फिरवायचा, रोज. घरचे लोक घाबरून त्या जागेला हातच लावत नाहीत, तिथे थर साचतो आणि वास वाढतो. निर्जीव हाडाला संवेदना नसते. दुखतं ते भोवतालच्या सुजलेल्या हिरडीला, आणि ती स्वच्छ राहिली की दुखणं उतरतं. खड्ड्यात दुसरं काहीही भरू नका.

अँटिबायोटिक दुखणं आणि पू वाढेल तेव्हा घ्यायचं. साधारणपणे पेनिसिलिन गटातलं देतात, जोडीला कधी मेट्रोनिडाझोल. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिनसारखा पर्याय. पण अपेक्षा माफक ठेवा. निर्जीव हाडात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. अँटिबायोटिक भोवतालची सूज आवरतं, मेलेलं हाड जिवंत करत नाही. एकामागून एक पाच-पाच दिवसांचे कोर्स घेत राहण्यातून पोट बिघडण्यापलीकडे फार काही हाती लागत नाही.

काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बऱ्याचदा निर्जीव तुकडा जिवंत हाडापासून सुटू लागतो. बोटानं किंचित हलतो. तो जागा बधीर करून उचलला की खाली हिरडी आलेली दिसते आणि जखम मिटते. आठवड्याच्या गोळीवरच्या कितीतरी रुग्णांचा शेवट असा साधा होतो. इथेच माझा खरवडण्यावरचा आक्षेप आहे. बेत न आखता, सीमा न ओळखता खड्डा घासला की कडेचं जेमतेम तगलेलं हाडही उघडं पडतं आणि जखम मोठी होते. खरंच शस्त्रक्रिया करायची तर ती पूर्ण करावी: रक्त येणाऱ्या जिवंत हाडापर्यंत निर्जीव भाग काढायचा, टोकदार कडा गुळगुळीत करायच्या आणि हिरडी ताण न देता ओढून टाके घालून बंद करायची. सीमा ओळखण्यासाठी काही जण रुग्णाला आधी काही दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. जिवंत हाडात ते बसतं आणि विशिष्ट प्रकाशात ते हाड हिरवट चमकतं, निर्जीव भाग चमकत नाही. पूर्वी शस्त्रक्रिया अगदी शेवटचा उपाय मानली जायची. आता मत बदललंय, लवकरच्या पायरीवरही नीट केलेल्या शस्त्रक्रियेचे निकाल चांगले आहेत. तरी ६८ वर्षांच्या, दुखणं आटोक्यात येणाऱ्या, गोळीवरच्या रुग्णाला मी आधी दोन-तीन महिने नेटानं स्वच्छता करायला सांगेन आणि दर तीन-चार आठवड्यांनी बघेन. हाड वाढत उघडं पडतंय किंवा दुखणं हटत नाही असं दिसलं तर थांबणार नाही. जबड्याचा मोठा भाग काढून पायाचं हाड बसवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल तुम्ही वाचलं असेल, ती तिसऱ्या पायरीसाठी असते.

रक्तातल्या प्लेटलेटपासून केलेली जेली, पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारं औषध) आणि ई जीवनसत्त्व, दाबाखालचा ऑक्सिजन, यांचीही नावं तुमच्या कानावर येतील. पहिली दोन जोडीला द्यायला माझी हरकत नसते, मुख्य उपचार म्हणून मी त्यांच्यावर विसंबत नाही. ऑक्सिजनचा खटाटोप मी बहुतेकांना टाळायलाच सांगतो. टेरिपॅराटाइडची गोष्ट निराळी. ते नवं हाड बनवणारं रोजचं इंजेक्शन आहे, ऑस्टिओपोरोसिसवरचं स्वतंत्र औषध आहे, आणि त्यानं जबड्याची जखम भरायला मदत झाल्याचं नियंत्रित चाचणीत दिसलंय. हाडांत पसरलेला कॅन्सर असलेल्यांना किंवा पूर्वी हाडांवर रेडिएशन झालेल्यांना ते देत नाहीत.

त्यावरून गोळीच्या प्रश्नाकडे. अ‍ॅलेंड्रोनेट हाडात वर्षानुवर्षं राहतं. दोन-तीन महिने गोळी थांबवली म्हणून जबड्यातलं औषध निघून जात नाही, त्यामुळे ‘गोळी थांबवली, आता जखम भरेल’ असा सरळ संबंध नाही. दात काढण्याआधी गोळी थांबवावी का, यावर २०२२ च्या त्या अहवालातल्या तज्ज्ञांतही दोन तट पडले. मी स्वतः केवळ एका दातासाठी ती थांबवायला सांगत नाही. मात्र पाच वर्षं गोळी घेतल्यावर काही काळ विश्रांती द्यावी का, हा प्रश्न ऑस्टिओपोरोसिसच्या उपचारात तसाही विचारला जातो. मोडण्याचा धोका मध्यम असेल तर देतातही. आईंची सहा वर्षं झालीत, तेव्हा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून आणि पूर्वी मणका किंवा खुबा मोडला होता का ते बघून त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं. धोका जास्त निघाला तर टेरिपॅराटाइडवर जाणं हा पर्याय आईंसाठी दोन्ही बाजूंनी सोयीचा पडेल. तो त्यांच्याकडे तुम्हीच काढा. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी नाही ना तेही बघून घ्या. घरातल्यांना एक गोष्ट सांगा: खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतला एक वर्षभरात दगावतो. औषध नेमकं ते टाळण्यासाठी दिलेलं असतं.

आईंच्या जागी डेनोसुमॅबवरचं कुणी असतं तर माझा सूर जास्त कडक असता. ते हाडात साठत नाही, सहा महिन्यांत उतरतं आणि नंतर हाडं उलट वेगानं झिजू लागतात. पुढचं इंजेक्शन लांबलं तर एकाच वेळी दोन-तीन मणके दबल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे ते मनानं बंद करणं धोक्याचं. दात काढायचाच असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी काढावा, भरायला सहा-आठ आठवडे द्यावेत आणि पुढचं इंजेक्शन वेळेवर घ्यावं. शेवटच्या डोसपासून सात महिन्यांपुढे जाऊ नये.

कॅन्सरसाठी ही औषधं सुरू होणार असतील तर पहिल्या डोसआधी दातांची पूर्ण तपासणी हवी. वाचण्यासारखे नसलेले दात आधी काढायचे, हिरडी मिटायला दोन-तीन आठवडे द्यायचे, मग औषध. टोचणारी कवळीही तेव्हाच दुरुस्त करायची, कारण सैल कवळीच्या घर्षणानंही हाड उघडं पडतं, खास करून खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला. औषध सुरू झाल्यावर त्यांनी इम्प्लांटच्या फंदात पडू नये. ऑस्टिओपोरोसिसच्या रुग्णांना एवढी घाई नसते, दातांचं काम औषधाबरोबरच उरकता येतं.

आणि आता डावी दाढ. उजवी जखम मिटेपर्यंत शक्यतो ती काढू नका, पण तशीच सोडूही नका. मुळाशी सूज असेल आणि दाढ वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनाल करा. वरचा भाग पूर्ण किडला असेल तरी मुळं साफ करून, भरून, दाढ हिरडीच्या पातळीला कापून मुळं आत ठेवता येतात. दिसायला बरं नाही, पण हाडाला जखम होत नाही. दाढ खूपच हलत असेल, मुळाला चीर गेली असेल किंवा पू थांबत नसेल, तर मात्र काढावीच लागेल. तेव्हा ती एकटीच काढावी, दोन-तीन दात एकदम नाही. मुळं वेगळी करून कमीत कमी हाड दुखावत काढावी, टोकदार कडा घासून सपाट कराव्यात, टाके घालून खड्डा झाकावा. आदल्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिन आणि अँटिबायोटिक सुरू करावं, गुळण्या हिरडी मिटेपर्यंत चालू ठेवाव्यात. हे काम मुख व जबडा शल्यचिकित्सकांकडे करून घ्या, आणि गोळी कधी सुरू झाली, कधी थांबली, उजव्या बाजूला काय काय केलं, हे तारखांसह एका कागदावर लिहून सोबत न्या. टाके काढल्यावर दोन, चार आणि आठ आठवड्यांनी दाखवायला जा, दुखत नसलं तरी.